‘शेतकऱ्याचा असूड’मधील मातीचा विचार : नत्र, सूक्ष्मजीव आणि हक्काचा प्रश्न

प्रास्ताविक

महात्मा जोतीराव फुले (१८२७ ते १८९०) यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ साली लिहून पूर्ण केला. त्यातील सुरुवातीची दोन प्रकरणे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ पत्रातून प्रसिद्ध झाली आणि पुढील भागाची छपाई थांबली. पाचही प्रकरणांचा संपूर्ण ग्रंथ मराठी वाचकास सहजपणे उपलब्ध झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या, धनंजय कीर व स. गं. मालशे संपादित ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या खंडामुळे. तेव्हापासून हा ग्रंथ विद्यापीठीय अभ्यासक्रमांत आणि समीक्षेत सातत्याने चर्चिला गेला आहे.

या चर्चेचा रोख प्रामुख्याने पहिल्या तीन प्रकरणांवर राहिला आहे. धर्माच्या नावाने होणारी शेतकऱ्यांची लूट, गोऱ्या अधिकाऱ्यांचा ऐषआराम व त्याआडून चालणारा काळ्या कामगारांचा कारभार आणि आर्यांच्या आगमनाचा फुले यांनी लावलेला अन्वयार्थ हे विषय समीक्षेला अधिक जवळचे वाटले. शेवटच्या प्रकरणातील शेतीविषयक उपाययोजना मात्र बहुधा परिशिष्टासारखी वाचली जाते. मुख्य विचार आधीच सांगून झाला आणि नंतर लेखकाने काही व्यवहारोपयोगी सूचना जोडल्या, असा तिचा समज करून घेतला जातो. दुसऱ्या बाजूला, अलीकडे सेंद्रिय शेतीच्या प्रचारात याच सूचना उचलून फुले यांना आधुनिक मृद्‌विज्ञानाचे द्रष्टे ठरविण्याची प्रवृत्तीही दिसते. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, ही दोन्ही वाचने अपुरी आहेत. मातीची सुपीकता कोठून येते, कोठे जाते आणि तिच्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न ‘असूड’च्या रचनेचा कणा आहे. जमिनीतील सूक्ष्मजीव पिकाला नत्र कसे उपलब्ध करून देतात, याविषयीचे आजचे ज्ञान त्या विचाराचे बळ दाखविते आणि त्याची मर्यादाही.

१८८३ सालची ज्ञानस्थिती

कोणत्याही ग्रंथावर भविष्यवेधाचे श्रेय लादण्यापूर्वी त्या काळी जगाला काय ठाऊक होते, हे पाहणे आवश्यक ठरते. हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असते, पण नत्राच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असल्यामुळे वनस्पतीला ते थेट वापरता येत नाही. मग वनस्पतीला नत्र मिळते कोठून, यावर एकोणिसाव्या शतकात युरोपात दीर्घ वाद झाला. फ्रान्समध्ये बुसँगो यांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस द्विदल पिकांमुळे नत्रात वाढ होते असे नोंदविले होते. जर्मनीत लीबिग यांनी १८४० साली हवेतील अमोनिया पावसावाटे जमिनीत येतो, या मतावर भर दिला. इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट व प्यू यांनी अत्यंत काटेकोर प्रयोग करून वनस्पती हवेतील मुक्त नत्र घेत नाहीत, असा निष्कर्ष १८६१ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या काटेकोरपणातच चूक दडली होती. प्रयोगातील माती त्यांनी तापवून शुद्ध केली होती, आणि ज्यांच्यामुळे हे कार्य घडते ते जीवच त्या उष्णतेने नष्ट झाले होते.

नत्रीकरण ही सजीवांकडून घडणारी क्रिया आहे, हे श्लोसिंग व म्यून्त्स यांनी १८७७ साली दाखविले. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठी आणि हवेतील नत्र यांचा संबंध हेलरिगेल यांनी १८८६ साली मांडला. बायरिंक यांनी त्या गाठींतील जिवाणू १८८८ साली वेगळे केले, तर विनोग्राड्स्की यांनी नत्रीकरण करणाऱ्या जिवाणूंवरील संशोधन १८९० च्या सुमारास प्रसिद्ध केले. म्हणजे ‘असूड’ लिहून झाला तेव्हा मुळांवरील गाठींचे कोडे युरोपातील प्रयोगशाळांतही सुटलेले नव्हते. अशा वेळी फुले यांना सूक्ष्मजीवशास्त्र अवगत होते असे सुचविणे हा त्यांचा गौरव ठरत नाही. त्यांनी प्रत्यक्ष काय पाहिले व त्यातून काय अनुमान काढले, याकडे त्यामुळे दुर्लक्षच होते.

‘असूड’मधील सुपीकतेची मांडणी

फुले यांची या विषयावरील विधाने ग्रंथात विखुरलेली आहेत. ती एकत्र ठेवली असता त्यांतून एक सुसंगत युक्तिवाद उभा राहतो. पूर्वी ज्या अल्पभूधारक शेतकऱ्याचे शेतावर भागत नसे, तो जवळच्या रानातील फळे, पाने, फुले व लाकूडफाटा यांवर आणि गावच्या गायरानावर चरणाऱ्या एकदोन गाईंवर व शेळ्यांवर निर्वाह करीत असे. वनखात्याने डोंगर, दऱ्या व गायराने आपल्या ताब्यात घेतली आणि हा आधार तुटला. या टीकेमागे १८७८ च्या भारतीय वन कायद्याची पार्श्वभूमी आहे, तसेच १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाची आणि १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांचीही.

दुसरे निरीक्षण जमिनीच्या विश्रांतीचे आहे. शेतकऱ्याजवळ पुरेशी जमीन न उरल्यामुळे शेते पाळीपाळीने एकदोन वर्षे पड टाकण्याची सोय राहिली नाही आणि म्हणून त्यांची शक्ती घटून ती नापीक होत चालली, असे ते सांगतात. तिसरे निरीक्षण डोंगरउतारावरील पावसाच्या पाण्याचे आहे. झाडांची पाने, फुले, गवत, मेलेले कीटक आणि जनावरांचे मांस व हाडे यांचे कुजलेले सत्त्व पावसाबरोबर धुपून ओढ्यानाल्यांत वाया जाते. ते अडविण्यासाठी सरकारने आपल्या पदरच्या लष्करी शिपायांकडून व पोलिसांकडून फावल्या वेळी ताली व बंधारे बांधून घ्यावेत, म्हणजे पाणी शेतांतून मुरून मग नदीला मिळेल, असे ते सुचवितात. नदीनाल्यांत व तलावांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना पूर्वीप्रमाणे फुकट नेऊ द्यावा, गायराने परत करावीत, शेळ्यामेंढ्यांची उत्तम पैदास वाढवावी आणि गोऱ्या शिपायांच्या आहारासाठी होणारी गाईबैलांची कत्तल थांबवावी, या सूचनाही त्याच मालिकेतील आहेत.

या सूचनांची शैली लक्षणीय आहे. आधीच्या प्रकरणांतील उपरोधाचा आवेश येथे ओसरतो. वाक्ये लांबतात, नामांची रांग लागते आणि लेखक कारागिराच्या वा कास्तकाराच्या नजरेने वस्तू मोजू लागतो. फुले यांचा बांधकामाच्या कंत्राटांशी व शेतीशी प्रत्यक्ष संबंध होता, याचा प्रत्यय या गद्यात येतो. तथापि विषय बदललेला नसतो. आधीच्या प्रकरणांत धान्य, पैसा व श्रम शेतकऱ्याच्या घरातून कोणकोणत्या वाटांनी बाहेर जातात याचा हिशेब आहे. पुढे सत्त्व शेतातून कोणकोणत्या वाटांनी बाहेर जाते याचा हिशेब येतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे, तो म्हणजे एका दिशेने चालणाऱ्या वहनाचा. ‘असूड’ची एकात्मता या समांतर रचनेत शोधली पाहिजे.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रकाशात

फुले ज्याला सत्त्व म्हणतात त्यातील एक प्रमुख घटक नत्र आहे. पान, शेण वा मृत कीटक यांतील नत्र मुख्यतः प्रथिनांसारख्या मोठ्या संयुगांत बांधलेले असते. जमिनीतील बुरशी व जिवाणू आपल्या विकरांनी ती संयुगे तोडतात आणि अमोनियम मोकळा होतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू त्यापासून नायट्रेट बनवितात. पीक नत्र घेते ते मुख्यतः अमोनियम व नायट्रेट या दोन रूपांत. कुजणे ही क्रिया फुले यांना गावच्या उकिरड्यापासून डोंगरउतारापर्यंत दिसत होती, तिच्यातील कर्ते मात्र दिसणे शक्य नव्हते.

जमीन पड टाकण्याविषयीचे त्यांचे निरीक्षणही या संदर्भात अर्थपूर्ण ठरते. पड जमिनीत सूक्ष्मजीवांचे काम चालू राहते, पण पीक नसल्यामुळे मोकळ्या झालेल्या नत्राची उचल कमी होते, आणि उगवलेले गवत व तण पुन्हा मातीतच मिसळते. उन्हाळी नांगरट करून जमीन तापू देण्याची मराठवाड्यातील रीतही येथे आठवते. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडताच सूक्ष्मजीवांच्या हालचालीला एकाएकी उधाण येते आणि थोड्याच काळात बरेच नत्र मोकळे होते. एच. एफ. बर्च यांनी १९५८ साली केलेल्या अभ्यासावरून हा परिणाम त्यांच्या नावाने ओळखला जातो. मृगाच्या सरीनंतरची पेरणी या उधाणाचा लाभ घेते. मात्र त्या वेळी उतारावर पाणी अडविलेले नसेल, तर मोकळे झालेले नत्र पाण्याबरोबर निघूनही जाते. ताल आणि बांध यांचे महत्त्व पाण्यापुरते मर्यादित नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

युक्तिवादाची मर्यादा

येथवर विज्ञान फुले यांच्या निरीक्षणांना दुजोरा देते. पुढे मात्र ते एक अवघड प्रश्न उभा करते. डोंगरावरील पालापाचोळा, गायरानावर चरणाऱ्या जनावरांचे शेण, तलावातील गाळ हे सर्व मार्ग नत्राची जागा बदलतात, नव्या नत्राची निर्मिती करीत नाहीत. गाईच्या शेणातील नत्र तिने खाल्लेल्या चाऱ्यातूनच आलेले असते. शेत समृद्ध होते तेव्हा गायरान तेवढ्या प्रमाणात रिते होत असते. मग गायरानाची भरपाई कोण करते?

त्याचे उत्तर १८८३ नंतरच्या शोधांत आहे. विजेच्या कडकडाटातून मिळणारा थोडा अंश वगळता, निसर्गात हवेतील नत्र मातीत आणण्याचे काम काही जिवाणूच करतात. द्विदल वनस्पतीच्या मुळावरील गाठीत राहणाऱ्या ऱ्हायझोबियम कुळातील जिवाणूंजवळ नायट्रोजिनेज हे विकर असते. त्यास लोह व मॉलिब्डेनम लागते, प्राणवायूचे त्याला वावडे असते आणि नत्राचा एक रेणू फोडण्यासाठी एटीपी या ऊर्जावाहक संयुगाचे किमान १६ रेणू खर्ची पडतात. ही ऊर्जा वनस्पती आपल्या साखरेतून पुरविते. तुरीची वा मुगाची गाठ नखाने फोडली असता आत दिसणारा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो. प्राणवायूचे प्रमाण आटोक्यात ठेवण्याचे काम हे द्रव्य करते, आणि त्याचा रंग ही गाठ कार्यरत असल्याची खूण होय.

‘असूड’मधील उपायांचा भर पाणी, गाळ, खत व पशुधन यांवर आहे. द्विदल पिकांचा फेरपालट त्यात मध्यवर्ती नाही. कुणब्याच्या शेतात ज्वारीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. बहुधा ती इतकी अंगवळणी पडलेली होती की तिचा उपाय म्हणून उल्लेख करण्याची गरजच भासली नसावी. ब्रिटिश सरकारने पाठविलेले रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनी १८९३ सालच्या आपल्या अहवालात भारतीय शेतकऱ्याच्या मिश्रपिकांची व फेरपालटाची मुद्दाम दखल घेतली. बाहेरून आलेल्या निरीक्षकाला जे वेगळेपणाने दिसले ते आतल्या लेखकाला नित्याचे होते, असा तर्क करता येतो. तरीही ही उणीव उणीव म्हणून नोंदविणे समीक्षेचे कर्तव्य आहे. फुले यांनी सुपीकतेच्या वाटपाचा प्रश्न अचूक पकडला. तिच्या निर्मितीचा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

मराठवाड्याच्या संदर्भात वाचन

‘असूड’चा भूगोल पुणे व मुंबई इलाख्याचा आहे. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे ग्रंथातील वनखात्यावरील टीका येथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही. मातीचा युक्तिवाद मात्र येथे लागू पडतो, कारण त्याखालील खडक एकच आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात कन्नड, खुलताबाद, सोयगावकडील डोंगरउतारांवर बेसाल्टपासून बनलेली उथळ, मुरमाड जमीन आहे आणि पैठणकडे गोदाकाठी खोल काळी जमीन आहे. उतारावरचे सत्त्व खोऱ्यात उतरते, हे फुले यांचे चित्र या जिल्ह्याच्या नकाशावरच रेखाटलेले दिसते.

राज्य शासनाने २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली, तेव्हा फुले यांची एक मागणी १३४ वर्षांनी शासकीय धोरणात उतरली, असे म्हणता येईल. परंतु फुले यांनी ती पूर्वापार हक्क म्हणून मांडली होती. योजनेच्या मूळ स्वरूपात गाळ विनामूल्य असला तरी वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याने करायचा होता. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याच्या शेतात गाळ आधी पोहोचणार, हे उघड आहे. पुढे अल्पभूधारकांसाठी अनुदानाची तरतूद करावी लागली, यातच ‘असूड’मधील मूळ प्रश्नाची सत्यता दिसून येते.

सुपीकतेच्या निर्मितीचा प्रश्न आज अधिक तीव्र झाला आहे. कन्नड, सिल्लोड भागात मका व कापूस ही नत्राची मोठी भूक असणारी पिके पसरली आहेत, आणि ती भूक प्रामुख्याने युरिया भागवितो. ४५ किलोच्या एका पोत्यात सुमारे २१ किलो नत्र असते. विम्लधर्मी काळ्या जमिनीवर युरिया नुसता फेकला तर त्याचा काही भाग अमोनियाच्या रूपाने हवेत उडतो. पाणी साचले तर जिवाणूच नायट्रेटचे पुन्हा वायूत रूपांतर करतात. शिवाय जमिनीत तयार नत्र मुबलक असेल तर द्विदल पीक गाठी बांधण्याचे टाळते. सोयाबीनचा मराठवाड्यात झालेला विस्तारही या बाबतीत पुरता दिलासा देत नाही. ते द्विदल असले तरी त्याच्या दाण्यात नत्राचा मोठा वाटा बाजारात जातो आणि जमिनीला उरणारी शिल्लक अल्प असते. त्या तुलनेत खोल मुळांची व भरपूर पानगळ करणारी तूर मातीला अधिक परत देते. जालना जिल्ह्यातील बदनापूर येथील संशोधन केंद्राने तुरीवर केलेल्या कामाचे महत्त्व या दृष्टीनेही मोजले गेले पाहिजे.

याच पार्श्वभूमीवर सुभाष पाळेकर यांनी प्रचारात आणलेल्या जीवामृताचा विचार करता येतो. एका एकरासाठी २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन व मूठभर माती असे त्याचे सर्वसाधारण प्रमाण सांगितले जाते. या सर्व पदार्थांतील नत्राची बेरीज पाव किलोच्या आसपास भरते. एकरी पिकाला लागणारे नत्र काही दहा किलोंत मोजावे लागते. समर्थकांचे म्हणणे असे की जीवामृत हे खत नसून विरजण आहे. त्यातील जिवाणू मातीतील साठा मोकळा करतात. हा बचाव क्षणभर ग्राह्य धरला तरी विरजणाला दूध लागते, हे विसरता येत नाही. मातीतील दूध म्हणजे तिच्यातील सेंद्रिय द्रव्य. ते दरवर्षी परत न करता केवळ विरजण लावीत गेल्यास साठा आटतो. ॲझोटोबॅक्टरसारखे मुक्तजीवी जिवाणू हवेतील नत्र घेतात हे खरे, परंतु त्यांनाही ऊर्जेसाठी सेंद्रिय कर्ब लागतो, आणि सर्वसाधारण शेतजमिनीत त्यांची देणगी हेक्टरी काही किलोंपुरती असते. पऱ्हाटी वा भुसा अशी कर्ब अधिक व नत्र कमी असणारी द्रव्ये मातीत घातली, तर सूक्ष्मजीव काही काळ उपलब्ध नत्र स्वतःच अडवून ठेवतात आणि पीक पिवळे पडते. सूक्ष्मजीव हे शेतकऱ्याचे वेठबिगार नाहीत. त्यांनाही पोट आहे.

सेंद्रिय विचाराची याहून जबाबदार परंपरा उपलब्ध आहे. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी इंदूर येथील प्रयोगांवर आधारित ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध केला. इंदूर पद्धतीच्या कंपोस्टमध्ये काडीकचरा, शेण, माती व राख यांचे प्रमाण, ओलावा आणि हवा यांचा तपशीलवार हिशेब आहे. त्यात जिवाणूंवर श्रद्धा ठेवण्याऐवजी त्यांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था केली आहे. हिशेबाची ही वृत्ती ‘असूड’च्या उत्तरार्धाशी नाते सांगते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. ‘शेतकऱ्याचा असूड’मधील शेतीविषयक उपाययोजना ग्रंथाच्या मुख्य विचाराची परिणती आहे आणि तिला परिशिष्टाचे दुय्यम स्थान देणे योग्य नाही. धन व सत्त्व यांच्या एकतर्फी वहनाची समांतर मांडणी हे या ग्रंथाचे रचनातत्त्व आहे. फुले यांना सूक्ष्मजीवशास्त्राचे पूर्वज ठरविण्याची आवश्यकता नाही. मुळांवरील गाठींचे रहस्य उलगडण्यापूर्वी तीन वर्षे त्यांनी जो प्रश्न विचारला, तो प्रयोगशाळेच्या उत्तराने रद्द होत नाही. जिवाणू हवेतील नत्र मातीत आणतात आणि कुजलेल्या द्रव्यातील नत्र मोकळे करतात, हे विज्ञानाने सांगितले. ते नत्र कोणाच्या शेतात राहावे, गायरान कोणाचे, गाळ कोणाचा, पड टाकण्याइतकी जमीन कोणाजवळ, हे ठरविणे जिवाणूंच्या हाती नाही.

महाविद्यालयांत आज मराठीचा विद्यार्थी ‘असूड’ वाचतो आणि वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नत्रचक्राची आकृती काढतो. दोघांच्या वर्गांमध्ये एका भिंतीचे अंतर असते. त्या आकृतीतील बाण शेवटी वैजापूर वा पैठण तालुक्यातील एखाद्या शेतात उतरतात, आणि त्या शेताचा सातबारा कोणाच्या तरी नावे असतो. दोन्ही वर्गांनी मिळून तो सातबारा व ती आकृती एकाच टेबलावर ठेवून वाचली, तर ‘असूड’च्या अभ्यासाला नवी दिशा मिळेल, आणि मातीच्या अभ्यासालाही.